शंभर पेट्या आणि रडका पोपट

सातबाईंना रागवायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी सकाळी साडेदहा ते दुपारी बारा एवढ्या वेळात त्यांना एक सोडून तीन कारणं मिळाली: एक डुगडुगणारं टेबल, एक रडका पोपट आणि एक नवरा. पहिली दोन नवी होती. तिसरं तीस वर्षांचं जुनं, पण त्या दिवशी नव्यासारखं उपयोगी पडलं.

बंदरावरच्या यार्डात सात नंबरची क्रेन एकतीस वर्षं चालवली म्हणून त्या सातबाई. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. त्यांच्या रागाच्या गोष्टी यार्डात अजून सांगतात. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा एकदा पाच मिनिटं उशिरा वाजला, तेव्हा बाईंनी वरच्या केबिनची खिडकी उघडून त्याच्याकडे फक्त पाहिलं. तेव्हापासून तो भोंगा पाच मिनिटं आधी वाजतो आणि तीन मेकॅनिक त्याच्यापुढे हात टेकून गेलेत. एकदा म्हणे त्यांनी वरून अशी हाक मारली, की धक्क्याला लागलेल्या जहाजाने आपला नांगर आपणच वर ओढून घेतला. नांगराची गोष्ट थोडी वाढवलेली असेल. हाकेची नाही.

नवरा त्याच यार्डातला, इशारेवाला. जहाजाच्या पोटात मालाची पेटी उतरते तेव्हा क्रेनवाल्याला आतलं काही दिसत नाही. दिसतं ते काठावर उभ्या असलेल्या इशारेवाल्याला. त्याने तळवा खाली दाबला की सोडायचं, बोट डावीकडे हलवलं की डावीकडे घ्यायचं, मूठ आवळली की जिथे असाल तिथे थांबायचं, मग घरात आग का लागेना. तीन वर्षं असे हातवारे केल्यावर एक दिवस त्याने खालूनच, हातवाऱ्यांनीच, लग्नाचं विचारलं. बाईंनी एक पेटी हवेत लटकत ठेवून होकार दिला. ती पेटी अजून लटकते आहे, असं तो गमतीने म्हणायचा, अर्थात बाई घरात नसताना.

पुढे यार्डात कॅमेरे आले आणि इशारेवाले घरी गेले. त्याने कोपऱ्यावर छोटं दुकान टाकलं: गेम खेळायचे कंट्रोलर दुरुस्त करून मिळतील. हात मुळात हुशार. अडकलेली बटणं, तुटलेल्या वायरी, आपोआप सरकणाऱ्या अंगठ्याखालच्या स्टिका, सगळं तो बरं करायचा. गल्लीतली पोरं त्याला डॉक्टर म्हणायची आणि तोही पेशंट तपासल्यासारखा कंट्रोलर कानाशी धरायचा.

आता राहिली भाची. बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी, स्वभावाने इतकी मऊ की तिने कधी कोणाला नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. लहानपणी शाळा सुटली की ती मावशीच्या केबिनमध्ये येऊन बसायची. मोठी होऊन तिने मोबाइलवरचा एक गेम बनवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘लादणी’. क्रेनच्या आकड्याला एक पेटी झुलते, खाली जहाज डोलतं, पेटी नेमकी आधीच्या पेटीवर ठेवायची. ढीग पडला तर पडद्यावर दोनच शब्द येतात: ‘पडला. पुन्हा?’ बस्स. मध्ये जाहिरात नाही. दुकान नाही. नाणी नाहीत, हिरे नाहीत, ‘आजचं बक्षीस घ्यायला विसरलात’ अशी पाठीस लागणारी घंटी नाही. एकदा घेतला की तुमचा. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारे, फाटकापाशी थांबलेले ड्रायव्हर, बाळाला मांडीवर झोपवून बसलेल्या आया, अशी चार-पाच हजार माणसं तो खेळत होती. एकाने भाचीला लिहिलं होतं, ‘माझ्या फोनमध्ये भीक न मागणारी एवढी एकच गोष्ट आहे.’ ते पत्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

आणि या चार-पाच हजारांत पहिला नंबर कायम सातबाईंचा. चारशे बारा पेट्या.

बाई बोटाने खेळत नसत. एकतीस वर्षं हातमोज्यात राहून अंगठ्याची कातडी अशी राठ झाली होती, की फोनच्या काचेला तो अंगठा माणसाचा वाटतच नसे. म्हणून नवऱ्याच्या दुकानातल्या खोक्यातून त्यांनी एक कंट्रोलर उचलला. करडा, कडेला ओरखडे, कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला.

“अगं, तो नको घेऊस,” नवरा म्हणाला होता. “त्याची डावी स्टिक गेलीय. हात सोडला तरी डावीकडे सरकते. ड्रिफ्ट म्हणतात त्याला.”

“हाच हवा,” बाई म्हणाल्या.

“चांगला देतो ना!”

“तुम्हाला चांगल्यातलं काय कळतं?”

विषय संपला. बाईंनीही कधी उलगडून सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. सात नंबरच्या क्रेनचा दांडा मुळातच डावीकडे ओढायचा. पहिल्या वर्षी बाईंनी तक्रार केली, दुसऱ्या वर्षी शिव्या दिल्या, तिसऱ्या वर्षी त्यांचा अंगठाच उजवीकडे रेटायला शिकला. दांडा डावीकडे, अंगठा उजवीकडे, पेटी मधोमध. करड्या कंट्रोलरवर अंगठा ठेवला आणि त्यांना एकदम आपल्या खुर्चीत बसल्यासारखं झालं. नवऱ्याला हे कळायचा प्रश्नच नव्हता. तो सारा जन्म खाली उभा होता. खालून पेटी सरळ येताना दिसायची. सरळ येण्यासाठी वर काय चालायचं, ते वरच राहायचं.

त्याला मात्र तो कंट्रोलर डोळ्यांत खुपायचा. गिऱ्हाइकं टोमणे मारायची. “डॉक्टर, गावाला औषध आणि बायको आजारी?”

तर अशी सगळी मंडळी त्या दिवशी एका कंपनीच्या पाचव्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, एका टेबलाभोवती बसली होती. कंपनीला ‘लादणी’ हवा होता. साहेब तरुण, तुकतुकीत, प्रत्येक वाक्य ‘बघा ना’ने सुरू करणारा. कागद टेबलावर तयार. भाचीने सही केली की गेम देशोदेशी जाणार, फक्त त्यात हिरे येणार. ढीग पडला की हिरे देऊन उभा करायचा. हिरे पैशांनी घ्यायचे.

आधीच्या बैठकीत भाचीने आयुष्यात पहिल्यांदा जीव मुठीत धरून म्हटलं होतं, की हिऱ्यांची गरज नाही, हा गेम नुसत्या हाताने खेळता येतो, माझी मावशी चारशे पेट्या रचते. साहेब हसला होता. “आम्ही मोजलंय. माणूस चाळीसच्या वर जात नाही. आणा मावशींना. तीन डाव देतो. माझ्यासमोर शंभर रचल्या तर गेम जसा आहे तसा घेऊ. नाहीतर सही करायची.” आणि भाची नेहमीप्रमाणे बरं म्हणून बसली होती.

“टेबल डुगडुगतंय,” बाई बसल्या बसल्या म्हणाल्या.

“बघा ना, मॅडम, नवीनच आहे.”

“नवीन आहे म्हणून डुगडुगायचं थांबलंय का?”

साहेबाने विषय बदलला. “आधी आमचा नमुना दाखवतो.” बाईंच्या पाठीमागे भिंतभर पडदा होता. बाई खुर्ची वळवून बसल्या. तिथे ‘लादणी’च होता, पण नटवलेला. साहेबाने मुद्दाम सातव्या पेटीला ढीग पाडला. लगेच कोपऱ्यातून एक हिरवा पोपट उडत आला, ढिगाऱ्यावर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. ‘तुमचे मित्र पुढे गेले! फक्त पाच हिरे, आणि सगळं पहिल्यासारखं!’ साहेबाने नको दाबलं. पोपट आणखी मोठ्याने रडला. पुन्हा नको दाबलं. पोपट पंखात तोंड घालून हुंदके देऊ लागला.

“हा कितीदा रडतो?” बाईंनी विचारलं.

“घेईपर्यंत,” साहेब अभिमानाने म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जायला साधारण माणसाला दोन-तीन क्षण लागतात. बाईंची आग मस्तकातच मुक्कामाला असायची.

“एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पेटी पडली,” त्या म्हणाल्या. “एक. आत चिनी मातीची बेसिनं होती. खाली कोणी नव्हतं, नशीब. मी शिडी उतरून खाली आले आणि दोन दिवस स्वतःच्या हाताने खापऱ्या गोळा केल्या. तुमचा पोपट तिथे येऊन पाच हिरे मागता ना, तर त्याला मी त्यातल्या एका बेसिनात बुडवला असता. पडलेली पेटी पडलेलीच असते हो! ते लक्षात राहतं म्हणून पुढची पडत नाही.”

“बघा ना, मॅडम, लोकांना आनंद हवा असतो.”

“मग रडवता कशाला?”

साहेबाने घड्याळ पाहिलं. त्याला बारा वाजता दुसरी बैठक होती. भाचीने बाईंचा फोन वायरने भिंतीवरच्या पडद्याला जोडला. बाईंनी खुर्ची सरळ केली, पिशवीतून करडा कंट्रोलर काढला, फोन त्याच्या वरच्या खाचेत बसवला आणि अंगठे टेकले. आदला दिवसभर त्यांनी तो हातात धरला नव्हता. यार्डाचा नियमच तसा. मोठ्या लादणीच्या आदल्या दिवशी हाताला सुट्टी.

नवरा टेबलाच्या पलीकडे बसला होता आणि कोणाच्या लक्षात येणार नाही असं हसत होता.

पहिली पेटी ठीक. दुसरी थोडी उजवीकडे. तिसरी त्याहून. बाईंनी भुवई चढवली, सावरलं, पुन्हा गेली उजवीकडे. अकराव्या पेटीला ढीग झुकला आणि कोसळला. ‘पडला. पुन्हा?’

“टेबल,” बाई गुरगुरल्या. भाचीने टेबल दोन्ही हातांनी दाबून धरलं.

दुसरा डाव. एकोणीस. पुन्हा उजवीकडेच. बाईंच्या कपाळावर घाम आला. चारशे बारावाल्या बाई एकोणीसवर! साहेबाने कागद हळूच भाचीकडे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

“बाळे, गेममध्ये काही बदललंस का तू?”

“नाही गं मावशी, शपथ! वारासुद्धा तोच आहे.”

“मग ह्यालाच काहीतरी झालंय.” बाईंनी कंट्रोलर हलवून पाहिला.

“त्याला काही होणार नाही,” नवरा एकदम बोलला. इतका वेळ पोटात ठेवलेलं त्याला आता ठेववेना. “काल दुपारी तू झोपलीस तेव्हा मीच उघडला. नवी कोरी स्टिक बसवली आत. वरची टोपी तुझीच ठेवली, अंगठ्याचा खड्डा पडलेली, म्हणून कळलं नाही तुला. आता केसाएवढाही सरकत नाही! म्हटलं, एवढ्या मोठ्या दिवशी तरी...”

खोलीतलं थंड हवेचं यंत्र त्या क्षणी बंद पडलं. कंपनीचे लोक म्हणतात, वीज गेली. बाकीच्या मजल्यांवर वीज होती.

“काय केलंत?” बाईंनी हळू आवाजात विचारलं. ज्यांनी त्यांना यार्डात पाहिलं होतं, ते हा आवाज ऐकला की पळायचे.

“दुरुस्त... केला.”

“कोणी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला पाहिजे? बिघडला होता!”

“बिघडला नव्हता! माझ्यासारखा होता!” आता आवाज चढला आणि पाचव्या मजल्याच्या काचा झणझणल्या. “एकतीस वर्षं त्या सातने मला डावीकडे ओढलं आणि मी तिला उजवीकडे! हा अंगठा बघा, हा जन्मात आता सरळ होणार नाही. ह्या एका डबड्यात तो सरळ चालत होता, तेवढं तुम्हाला बघवलं नाही! सगळ्या जगाचे कंट्रोलर दुरुस्त करून पोट भरलं नाही, म्हणून माझ्या अंगठ्यावर आलात? अहो, एकदा विचारायला जीभ झडली होती का तुमची?”

नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कळत होतं, की सरळ उतरणारी ती प्रत्येक पेटी वर कोणीतरी तिरकी धरलेली होती.

“मला... खालून कधी दिसलंच नाही गं,” तो म्हणाला.

“तुम्हाला खालून फक्त माझ्या चुका दिसायच्या!”

“जुना भाग आहे, टाकला नाही. दुकानात डब्यात आहे. तासाभरात घेऊन येतो आणि...”

“बारा वाजता माझी बैठक,” साहेब म्हणाला. “बघा ना, एक डाव शिल्लक आहे. किंवा आत्ताच सही केलीत तरी...”

“गप रे हिरेवाल्या!” बाई त्याच्यावर वळल्या आणि पुन्हा नवऱ्याकडे. “आणि तुम्ही. आजपासून मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. अबोला. मरेपर्यंत.”

“अगं पण...”

बाईंनी मान फिरवली. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा हात पेनाकडे जात होता, आपोआप, सवयीने, कोणीतरी सरकवलं म्हणून.

तेव्हा नवरा उठला. टेबलाच्या पलीकडे बाईंच्या बरोबर समोर तो पाय फाकवून उभा राहिला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि बाईंच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरच्या पडद्याकडे नजर लावली. मग दोन्ही हात खांद्याच्या उंचीला आणले. यार्डाच्या भाषेत याचा अर्थ एकच: मला आतलं दिसतंय, माझ्याकडे बघा.

बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. पण यार्डाचा नियम यार्डाचा. भांडण घरी. इशारेवाला बापाचा खुनी असला तरी तो काठावर उभा आहे तोवर त्याचा हात म्हणजे तुमचे डोळे. बाईंनी दात आवळले, फोनच्या पडद्यावरची नजर काढली आणि त्या नालायक माणसाच्या बोटांवर ठेवली.

पहिली पेटी. बोट डावीकडे हललं. आणखी. आणखी केसभर. तळवा खाली. सोडली.

दुसरी. डावीकडे. बाईंचा अंगठा जुन्या सवयीने उजवीकडे रेटत होता आणि ते बोट त्याला ओढून आणत होतं. सातचा दांडा जे काम करायचा, ते आता हा माणूस करत होता. बाईंना ते कळलं आणि त्याचाही राग आला. पाचवी, दहावी, एकोणिसावी. साहेब टेकून बसला होता, तो पुढे झाला. तीसपर्यंत बोट मोठं मोठं हलत होतं, पन्नासला ते थरथरल्याएवढं झालं. जहाज डोललं, मूठ आवळली गेली, बाई थांबल्या. श्वाससुद्धा थांबला. मूठ उघडली. सोडली.

बाहेरच्या खोल्यांतली माणसं काचेला नाक लावून जमली. साठ. पंच्याहत्तर. टेबल डुगडुगलं की भाची त्यावर ओणवी पडायची. नवऱ्याच्या दंडाला पेटका आला, चेहरा वेडावाकडा झाला, पण हात खांद्याखाली आला नाही. बाई बघत होत्या. म्हातारा झालाय, त्यांच्या मनात आलं, आणि मेला अजून तस्साच इशारा देतो. पुढच्याच क्षणी त्यांना काल दुपार आठवली आणि राग परत जागेवर आला.

शंभरावी पेटी टेकली. बाहेर टाळ्या पडल्या. बाई थांबल्या नाहीत. यार्डात आकडा बघून कोणी थांबत नाही. नवऱ्याने मूठ आवळली तेव्हा पेट्या एकशे सात झाल्या होत्या आणि घड्याळात बाराला दोन कमी.

साहेबाचा चेहरा उजळून निघाला होता. कोणालाही वाटलं असतं, माणूस पाघळला.

“बघा ना!” तो टेबलावर थाप मारून ओरडला. “इशारेवाला! हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही? पोपट काढून टाकू. एक म्हातारा काका ठेवू, असाच, बाह्या सारलेला. पन्नास हिऱ्यांत दहा मिनिटं इशारे! लोक वेडे होतील!”

बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी दुसरंच कोणीतरी बोललं. इतकं तीक्ष्ण, की बाईंना वाटलं आपलाच आवाज पुढे गेला.

“काकांना विकणार?”

भाची उभी होती. नाकपुड्या फुगलेल्या, कान लाल. या घराण्यातल्या बायकांचा राग तिच्यापर्यंत पोचलाच नाही, असं सगळे समजत होते. तो पोचला होता, फक्त वाट बघत बसला होता.

“शंभर रचल्या तर गेम तसाच ठेवणार म्हणालात. एकशे सात रचल्या. आणि तुम्ही लगेच त्यांच्या हातावर किंमत चिकटवायला निघालात? तुम्हाला विकता येत नाही अशी एक तरी गोष्ट दिसते का हो? नाही! नाही देणार! हा गेम चार हजार माणसं खेळतात, चारजण खेळले तरी चालेल, पण त्यात कोणी रडणार नाही आणि कोणी भीक मागणार नाही!”

तिने टेबलावरचा कागद उचलला. साहेबाला वाटलं, फाडणार. पण ती मावशीच्या केबिनमध्ये वाढलेली मुलगी, चांगला जाड कागद फाडणारी नव्हे. तिने त्याची नीट आठ पदरी घडी घातली, खाली वाकली आणि डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. मग टेबल हलवून पाहिलं.

“झालं तुमचं काम,” ती म्हणाली.

लिफ्टमध्ये शिरल्यावरही, आपण काय बोलून बसलो हे भाचीचं तिलाच नवीन होतं. बाईंनी तिच्या पाठीवर एक थाप मारली. तिला ती आठवडाभर दुखली, पण तिने तक्रार केली नाही.

रस्त्यावर आल्यावर नवरा दोन पावलं मागून चालत होता, दंड चोळत. कोपऱ्यावर त्याने धीर केला.

“घरी गेल्यावर जुना भाग परत बसवून देतो. पहिल्यासारखा. हात सोडला की डावीकडे सरकेल. माझ्या दुकानाची अब्रू जाईल, जाऊ दे.”

बाई थांबल्या. पिशवीत कंट्रोलर होता, त्यावर फोन, आणि पडद्यावर एकशे सात पेट्यांचा ढीग अजून उभा होता. पुढची पेटी आकड्याला झुलत होती, इशाऱ्याची वाट बघत. बोलायचं तर नव्हतंच, अबोला धरलेला. त्यांनी मागे न बघता हात खांद्यापर्यंत वर केला आणि मूठ आवळली.

थांबा. हात लावू नका.

या वेळी त्याला वरून दिलेला इशारा खाली नीट दिसला.